फादर जेरोम झेवियर

तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. उमरग्याच्या बाजारात तर कन्नडही तुमच्या कानी पडते. दुसऱ्याची भाषा शिकायला किती कष्ट पडतात, हे तुम्हांला सांगायला नकोच. असे कष्ट पंचेचाळिशीनंतर घेणाऱ्या एका कॅथलिक धर्मगुरूची ही हकिकत आहे.

जेरोम झेवियर यांचा जन्म 1549 साली स्पेनमधील नवारा प्रांतात झाला. गोव्यात ज्यांचे नाव आजही घरोघरी घेतले जाते, ते संत फ्रान्सिस झेवियर त्यांच्याच घराण्यातले. जेरोम 1581 साली गोव्यास आले. वसई, कोची व गोवा येथे त्यांनी काम केले. पुढे अकबर बादशहाने गोव्याहून विद्वान पादरी मागवले, तेव्हा त्यांची निवड झाली. 1595 साली ते लाहोरला पोहोचले.

दरबाराची भाषा फारसी. दुभाष्याच्या तोंडून धर्माची चर्चा कशी व्हायची? झेवियर फारसी शिकू लागले. अकबर दख्खनच्या स्वारीवर आला, तेव्हा तेही बऱ्हाणपूरच्या बाजूला आले होते. लाहोरचे विद्वान अब्दुस सत्तार बिन कासिम त्यांना साहाय्य करीत. अब्दुस सत्तार स्वतः फिरंग्यांची भाषा शिकत होते. म्हणजे कोण कोणाचा उस्ताद, हे सांगणे कठीणच! दोघांच्या मेहनतीतून 1602 साली हजरत ईसांचे फारसी चरित्र तयार झाले. त्याचे नाव ‘मिरातुल कुद्स’, म्हणजे पावित्र्याचा आरसा.

दोघांची मते मात्र एक नव्हती. हजरत ईसा आणि बीबी मरियम यांना मुसलमानही मानतात. कुराणात मरियम नावाची सुराच आहे. पण कॅथलिक ईसांना ईश्वराचा पुत्र मानतात, तर मुसलमान त्यांना अल्लाहचे पैगंबर मानतात. हा फरक लहान नाही आणि झेवियर यांनी तो कधी लपवला नाही. बादशहाने ख्रिस्ती व्हावे, ही आपली इच्छाही त्यांनी लपवली नाही. जहांगीरच्या दरबारात रात्री यावर वाद रंगत. तेथे अब्दुस सत्तार आपल्या या सोबत्याचे म्हणणे जोरात खोडून काढीत. त्या बैठकींचा वृत्तान्त त्यांनीच लिहून ठेवला आहे.

त्या काळी गोव्यात इन्क्विझिशनचा धाक होता. पोर्तुगिजांच्या राज्यात एखाद्या मौलवीला असा वाद घालता आला असता का? तुम्हीच विचार करा.

1609 साली झेवियर यांनी ‘आईना-ए-हकनुमा’ हा दुसरा ग्रंथ पूर्ण केला. त्यात एक पादरी, एक तत्त्वज्ञ आणि एक मुल्ला यांचा संवाद आहे. पहिल्या ग्रंथात जो मवाळपणा होता, तो येथे नाही. इस्लामवरील टीका तिखट झाली आहे. समोरच्याचे मन दुखावेल, याचा त्यांना येथे विसर पडला असे वाटते.

पुढे पोर्तुगिजांनी मुघलांचे जहाज पकडले. जहांगीर रागावला आणि पादऱ्यांचे दिवस फिरले. झेवियर गोव्यास परतले. 1617 साली तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आईन्याला इस्फहानचे विद्वान सय्यद अहमद अलवी यांनी ग्रंथानेच उत्तर दिले. त्याचे नाव ‘मिस्कल-ए-सफा’. मिस्कल म्हणजे आरसा घासून लख्ख करण्याचे साधन; उर्दूतला सैकल शब्द त्याच मुळाचा. हे उत्तर वाचायला झेवियर मात्र हयात नव्हते.