मीटर मोजणाऱ्याने लपवलेली चूक

उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे फ्रान्सने ठरवले. त्या मोजणीसाठी खगोलशास्त्रज्ञ पिएर मेशाँ १७९२ मध्ये स्पेनकडे निघाले. बार्सिलोनात दोन ठिकाणांहून मोजलेल्या अक्षांशांचा मेळ बसेना. फरक होता कोनाच्या जेमतेम ३ सेकंदांचा, म्हणजे अंशाच्या १,२०० व्या भागाएवढा. बदनामीच्या भीतीने त्यांनी तो लपवला. १७९९ मध्ये प्लॅटिनमचा मीटर तयार झाला, पण मेशाँ अस्वस्थच राहिले. मोजणीसाठी पुन्हा स्पेनला गेले आणि १८०४ मध्ये तिथेच तापाने वारले. वह्या सहकारी दलांब्र यांच्या हाती आल्यावर गुपित उघडले. नोंदी एकमेकींशी जुळल्या, तरी उपकरणाचा दोष त्यांत दडलेला असू शकतो. म्हणून प्रयोगवहीतली न जुळणारी नोंद खोडू नये.