जरा सांगाल का, मला कळत नाहीये!

कँटीनमध्ये तुमची बडबड थांबत नाही. पण समोरचा इंग्रजीत बोलायला लागला, की घशाला कोरड पडते. खरं ना? दहावी-बारावीला इंग्रजीत मार्क चांगले असतात, पण साधं काही विचारायचं म्हटलं तरी मनातल्या मनात आधी वाक्य जुळवावं लागतं. ते जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो!

तुमच्याच वयाच्या एका मुलावर या भीतीपायी अर्धपोटी राहायची वेळ आली होती. त्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

४ सप्टेंबर १८८८ ला मोहनदास मुंबईहून बोटीने निघाला. वय १८, मॅट्रिक पास, लंडनला जाऊन बॅरिस्टर व्हायचं होतं. पण बोटीवर बहुतेक प्रवासी इंग्रज. ते काय बोलतात ते कळायचं नाही, आणि कळलं तरी उत्तर सुचायचं नाही. सुरी-काट्याने खायची सवय नव्हती. मांस न खाण्याचं वचन आईला दिलेलं, पण कुठल्या पदार्थात मांस नाही हे वाढणाऱ्याला विचारायचा धीर होईना. मग काय, घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खायची! केबिनमधले सोबती जुनागढचे वकील होते. चुकलास तरी चालेल, पण लोकांत मिसळ आणि बोल, असं ते समजावत. पठ्ठ्या काही बाहेर पडला नाही.

लंडनच्या हॉटेलात डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. मोहनदासने कुतूहलाने त्यांची रेशमी टोपी उचलून उलट्या बाजूने कुरवाळली आणि टोपीची लव विस्कटली. तिथेच शिष्टाचाराचा पहिला धडा मिळाला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. पहिल्याच भेटीत खोदून खोदून चौकशा करू नयेत. मोठ्याने बोलू नये. आणि हो, बोलताना सारखं 'सर, सर' करू नये, कारण तिथे नोकर मालकाला तसं म्हणतो. बघा, या धड्यात व्याकरण कुठेच नव्हतं!

धडा मिळाला, पण लाज गेली नाही. मुक्कामाच्या घरी ब्रेडचे दोन-तीन तुकडे पानात पडत. भूक दणकून लागलेली, पण आणखी मागणं बरं दिसेल का, या विचाराने तो गप्प बसायचा. पुढे एका घरमालकिणीच्या मुली आग्रहाने एखादा तुकडा जास्त वाढायच्या. त्याला खरं तर अख्खा पाव हवा असायचा!

मग त्याने ठरवलं, आपण पक्के जंटलमन व्हायचं. १९ शिलिंगांची टोपी आली, बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा सूट शिवला. नाचाचा क्लास, व्हायोलिन, भाषणकलेची शिकवणी, सगळं सुरू झालं. जेमतेम तीन महिन्यांत त्याच्या लक्षात आलं, की आपण इथे शिकायला आलोय. त्याने क्लास बंद केले. रोज तासभर वर्तमानपत्र वाचणं मात्र सोडलं नाही. भारतात असताना त्याने वर्तमानपत्र कधी वाचलं नव्हतं.

खरी गंमत झाली ब्रायटनच्या हॉटेलात. मेन्यू कार्ड फ्रेंचमध्ये होतं. मोहनदास एकेक अक्षर लावत बसलेला. टेबलावरच्या एका वृद्ध बाईंनी त्याची अडचण ओळखून विचारपूस केली. या वेळी मात्र तो गप्प राहिला नाही. आधी आभार मानले, मग सरळ सांगून टाकलं, की मला हे कळत नाहीये आणि यातलं शाकाहारी काय तेही समजत नाहीये. बाईंनी कार्ड हातात घेऊन त्याला सगळं समजावून दिलं. त्या दिवशी पोट भरलंच, शिवाय ओळख अशी वाढली, की लंडनला दर रविवारी त्यांच्याकडे जेवणाचं आमंत्रण ठरलेलं!

म्हणून तो एका रात्रीत वक्ता झाला असं समजू नका. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत तो होता, त्यांच्या साप्ताहिकात इंग्रजीतून लेखही लिहीत होता. पण १८९१ मध्ये भारतात परतताना दिलेल्या निरोपाच्या जेवणात भाषणाला उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यानंतर अडकला. कसेबसे आभार मानून खाली बसला. या बुजरेपणानेच आपल्याला मोजकं आणि तोलून बोलायला शिकवलं, असं पुढे त्यांना वाटे.

तर मित्रमैत्रिणींनो, फाडफाड इंग्रजी येईल तेव्हा येईल. तोवर तीन-चार वाक्यं खिशात ठेवा. 'एक्स्क्यूज मी' म्हणून सुरुवात करा. 'सॉरी, आय डिडंट अंडरस्टँड' म्हणायला लाजू नका. 'कुड यू प्लीज हेल्प मी?' विचारा आणि शेवटी 'थँक यू' विसरू नका. उद्या कुठे अडलात, तर एवढं बोलून बघा. ब्रायटनमध्ये त्या मुलाचं काम एवढ्यावरच झालं होतं!