शिंपल्यात समुद्राचं तापमान वाचणारे शिक्षक : हॅरॉल्ड युरी



परिसर अभ्यासासाठी आपण मुलांना शंख-शिंपले गोळा करून आणायला सांगतो, हो ना? जुन्या समुद्राचं पाणी किती ऊबदार होतं, हे अशा कवचांवरून मोजता येतं. हा मार्ग दाखवणारे हॅरॉल्ड युरी कधीकाळी आपल्यासारखेच खेड्यातल्या शाळेत शिकवत होते.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८९३ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात झाला. वडील शिक्षक आणि धर्मोपदेशक. हॅरॉल्ड सहा वर्षांचे असतानाच ते गेले. काही वर्षं गावच्या शाळांत शिकवल्यावर युरी विद्यापीठात गेले आणि पदवी घेतली ती प्राणिशास्त्रात! रसायनशास्त्राकडे ते नंतर वळले. १९३१ मध्ये त्यांनी जड हायड्रोजन शोधला आणि १९३४ चं नोबेल मिळवलं. घरात बाळ येणार होतं, म्हणून ते समारंभाला गेलेच नाहीत. मला हे फार आवडलं.

मग महायुद्ध आलं. अणुबॉम्बसाठी समस्थानिकं वेगळी करण्याच्या कामाचे ते एक प्रमुख होते. बॉम्ब वापरू नये म्हणून १९४५ मध्ये झालेल्या प्रयत्नांतही ते होते, पण उपयोग झाला नाही. युद्धानंतर ते शिकागोला गेले आणि तीच विद्या त्यांनी शिंपल्यांकडे वळवली.

आता थोडं विज्ञान. शिंपला, चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला ऑक्सिजन हलका (१६) आणि जड (१८) असा असतो. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजन जरा जास्त जातो. पण किती? एका अंशाला दहा हजारांत जेमतेम दोन! एवढं बारीक मोजायला यंत्रच सुधारावं लागलं. ते करण्यात सॅम्युएल एप्स्टाइन यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

१९५१ मध्ये त्यांनी बेलेम्नाइट या माकुळासारख्या प्राण्याचा जीवाश्म तपासला. हा प्राणी ज्युरासिक काळातला, म्हणजे डायनासोरांच्या जमान्यातला. झाडाच्या खोडासारखी त्यात वाढीची वलयं होती. एकेक थर खरवडून मोजला, तर काय दिसलं? पाणी सरासरी १७.६ अंश, ऋतूंमधला फरक सुमारे ६ अंश. प्राणी चारेक वर्षं जगला आणि वसंतात मेला. मुलांना हे सांगून बघा, वर्ग गप्प होतो.

एक अडचण मात्र राहतेच. पावसाचं गोडं पाणी खडकात मुरलं की ही नोंद बिघडते. पण वायू शोधणाऱ्यांना हा बिघाडच कामाचा. खडक कधीतरी समुद्राबाहेर उघडा पडला असेल, पाण्याने त्यात पोकळ्या केल्या असतील, असा अंदाज त्यावरून बांधता येतो. वायू साठतो तो अशाच पोकळ्यांमध्ये. आपल्या वसईसमोरच्या समुद्रातला वायूही चुनखडकातच आहे.

युरी ५ जानेवारी १९८१ रोजी कॅलिफोर्नियात वारले. पुस्तकांत त्यांचं नाव बहुधा जीवसृष्टीच्या उगमाच्या प्रयोगाबरोबर येतं, शिंपल्यांबरोबर क्वचितच.