पाश्चर यांचे डावे-उजवे स्फटिक

लुई पाश्चर म्हटले की रेबीजची लस आठवते. त्यांचा पहिला मोठा शोध मात्र रसायनशास्त्रातला. १८२२ मध्ये फ्रान्समधील दोल गावी, कातडी कमावणाऱ्याच्या घरी ते जन्मले. १८४८ मध्ये पॅरिसला ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक तपासत होते. द्राक्षाच्या मद्याच्या पिंपात साचणारे हेच ते आम्ल. स्फटिक दोन प्रकारचे निघाले, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखे. पाश्चर यांनी ते चिमट्याने एकेक करून निवडले. एका ढिगाच्या द्रावणाने ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याच्या डावीकडे. चौऱ्याहत्तरीच्या बियो यांनी सारा प्रयोग समोर पुन्हा करायला लावला, तेव्हाच मानले. (थंड हवेचीही साथ होती, सुमारे २७ अंशांच्या वर हे स्फटिक असे वेगळे होत नाहीत.)

शरीर हा फरक ओळखते. औषधाच्या रेणूचे एक रूप गुणकारी, तर त्याचे प्रतिबिंब निरुपयोगी, क्वचित घातकही असते. पण चिमट्याने निवडणार किती? पाश्चर १८९५ मध्ये वारले. १९८० मध्ये अमेरिकेत बॅरी शार्पलेस आणि कात्सुकी यांनी टायटॅनियम धातूला टार्टारिक आम्लापासून केलेल्या एस्टरची जोड दिली. हा उत्प्रेरक मुख्यतः एकच रूप घडवतो. एस्टरचे प्रतिबिंब वापरले की दुसरे. जिप्सी पतंगाच्या मादीचे गंधद्रव्य या पद्धतीने प्रयोगशाळेत तयार झाले. शार्पलेस यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले.