हिरव्या घडांवर डाव लावणारा कप्तान : लोरेन्झो बेकर

केळीचा घड कापला की शेतकरी दिवस मोजायला लागतो. माल बाजारात पोचायच्या आधीच पिकला, तर वर्षाची मेहनत मातीत जाते. दीडशे वर्षांपूर्वी हाच धोका एका जहाजाच्या कप्तानाने अंगावर घेतला. त्याचं नाव लोरेन्झो डाऊ बेकर.

बेकरचा जन्म १८४० चा, अमेरिकेतल्या वेलफ्लीट या मासेमारीच्या गावातला. पुढे तो शिडाच्या जहाजाचा कप्तान झाला. १८७० मध्ये व्हेनेझुएलात खाणवाल्यांना सोडून परत येताना तो जमैका बेटावर थांबला. तिथे त्याने केळीचे १६० घड विकत घेतले, एका घडाला एक शिलिंग. जहाजात ना बर्फ होता, ना थंड खोली. सगळी भिस्त वाऱ्यावर. पण त्याने घड हिरवे घेतले होते, हीच गोष्ट कामाला आली. ११ दिवसांत जहाज जर्सी सिटीला लागलं आणि घडामागे सुमारे दोन डॉलर मिळाले.

हिरवा माल का टिकतो? केळी कापल्यावरही श्वास घेते आणि पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडते. एक घड पिकू लागला की तो वायू शेजारच्या घडांनाही पिकवतो. फळं हा वायू सोडतात, हे सिद्ध झालं थेट १९३४ मध्ये, इंग्लंडात. बेकर मात्र अनुभवावरच चालला होता.

१८८५ मध्ये त्याने अँड्र्यू प्रेस्टन आणि इतर भागीदारांसोबत बोस्टन फ्रूट कंपनी काढली. १८९९ मध्ये त्यातूनच युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. १९०८ मध्ये बेकर वारला. पुढे शीतजहाजं आली. माल थंड ठेवला की पिकणं लांबतं, पण साधारण १३ अंशांच्या खाली गेलं तर केळीची साल काळी पडते, हेही व्यापाऱ्यांना कळलं.

या धंद्याला काळी बाजूही आहे. माल टिकवायची आणि न्यायची सोय ज्याच्या हाती, भावही त्याच्याच हाती गेला. मध्य अमेरिकेत या कंपनीने जमिनी, रेल्वे आणि सरकारंही आपल्या मुठीत धरली.

आज जळगावची केळीही हिरवीच कापली जाते आणि नंतर रायपनिंग चेंबरमध्ये पिकते. घड बारा आणे भरल्यावर कापणं, सावलीत ठेवणं, पिकलेलं फळ बाजूला काढणं, यातच आजही निम्मा नफा वाचतो.