अमळनेरच्या छात्रालयातले गुरुजी

आठवीत मी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहावयास गेलो. शेजारच्या खाटेवर माझ्यासारखाच एक खेड्यातला मुलगा होता. रात्री तो पांघरुणात तोंड खुपसून रडत असे, आणि मी झोपेचे सोंग घेत असे. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नाही. त्याचे वडील ट्रंक न्यायला आले तेव्हाही मी गप्पच होतो. पुढे साने गुरुजींचे चरित्र वाचताना हा मुलगा मला पुन:पुन्हा आठवू लागला.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म कोकणातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा. खोताचे घराणे, पण वैभव ओसरलेले. घर सोडून शिकण्याचे दु:ख त्यांनी लहानपणीच भोगले. आधी दापोलीच्या इंग्रजी शाळेत गेले. तिथला खर्च झेपेना, म्हणून गरीब विद्यार्थ्याची सोय होते असे ऐकून थेट औंध संस्थानात गेले. ओळखीचे कोणी नाही, हाताने स्वयंपाक करायचा, कित्येकदा उपाशी झोपायचे. प्लेगने तेथूनही उठवले. मग पुणे गाठले. १९१७ साली आई गेली, तेव्हा हा मुलगा तिच्याजवळ नव्हता. १९१८ मध्ये ते मॅट्रिक झाले, पुढे एम. ए. झाले आणि जून १९२४ मध्ये अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. हेच ते पुढचे प्रताप हायस्कूल.

थोड्याच काळात शाळेचे छात्रालय त्यांच्याकडे आले. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून मुले येत. घर प्रथमच सुटलेले, इंग्रजीची धास्ती, भोवती सगळे अनोळखी चेहरे. वसतिगृहाचा प्रमुख म्हणजे हातात छडी आणि हजेरीचा कागद, अशी आपली सर्वांची समजूत. गुरुजींची रीत निराळीच होती. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे गुंडाळून ठेवीत, कंदिलांच्या काचा पुशीत. मळके कपडे दिसले तर धुऊन वाळत घालीत. बोलून दाखवीत नसत. मुले परत येऊन पाहत आणि ओशाळत. हळूहळू ती स्वत:च सारे करू लागली. हे प्रथम वाचले तेव्हा मला वाटले होते की अशाने पोरे लाडावतील. पण ओशाळलेला मुलगा आणि दटावलेला मुलगा यांत फरक असतो, हे वसतिगृहात राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

कोणी आजारी पडला तर गुरुजी रात्रभर उशाशी बसत. त्याची घाण काढण्यातही त्यांना कमीपणा वाटत नसे. गरिबाची फी पगारातून भरीत.

मला सर्वांत नवल वाटते ते त्यांच्या हस्तलिखित दैनिकाचे. ‘छात्रालय’ नावाचे हे दैनिक ते रात्री जागून स्वत:च्या हाताने लिहीत आणि सकाळी मुलांपुढे ठेवीत. त्यात देशाच्या गोष्टी असत, थोरांच्या कथा असत आणि छात्रालयातल्या घडामोडीही असत. आपल्या खोलीतली गोष्ट आज सर्वांनी वाचली, असे होऊ लागले की अनोळखी मुले एका घरातली होतात. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी ऐकता ऐकता उतरवून घेतली. त्या वेगवान हाताला अमळनेरच्या रात्रींची सवय होती असे मला आपले वाटते.

एप्रिल १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. पुढचे आयुष्य सर्वांना ठाऊक आहे: तुरुंगवास, १९४७ मधील पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून केलेले उपोषण, १९४८ मध्ये सुरू केलेली ‘साधना’. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त श्याम रात्री मित्रांना गोष्टी सांगतो. ते ऐकणारे मित्र मला नेहमी छात्रालयातलेच भासतात.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपल्या हाताने जीवन संपवले. स्वातंत्र्यानंतरच्या देशाची स्थिती पाहून ते खचले होते. इतक्या मुलांच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या त्या शेवटच्या रात्री मनातून जात नाहीत. झोपेचे सोंग घेणारे माझ्यासारखे तेव्हाही पुष्कळ असतील.

यंदा आमच्या वसतिगृहात नवी मुले आली आहेत. माझ्या समोरच्या खोलीतला एकजण जेवायला सर्वांच्या शेवटी येतो आणि एकटाच बसतो. काल मी माझे ताट उचलून त्याच्या शेजारी नेऊन ठेवले. त्याने गाव कोणते ते सांगितले. पुढे फारसे बोलणे झाले नाही.