बाळ येशूचा चेंडू

दर वर्षी १ ऑक्टोबरला आपण बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करतो. हातात क्रूस आणि गुलाब घेतलेली तिची प्रतिमा आपल्या परिचयाची आहे. त्या गुलाबांमुळे तिचे आयुष्यही तसेच फुलांचे असावे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे नव्हते.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलाँसाँ येथे झाला. वडील लुई मार्टिन घड्याळजी, तर आई झेली हिचा लेसचा व्यवसाय होता. तेरेजा साडेचार वर्षांची असताना आई कर्करोगाने वारली. वडील पाच मुलींना घेऊन लिझ्यू येथे राहायला आले.

कार्मेल मठात जाण्याची तेरेजाला ओढ लागली. पण वय लहान म्हणून परवानगी मिळेना. नोव्हेंबर १८८७ मध्ये ती वडिलांबरोबर रोमला गेली आणि पोप तेरावे लिओ ह्यांच्या पायांशी गुडघे टेकून तिने स्वतःच विनंती केली. स्पष्ट होकार मिळाला नाही. रक्षकांनी तिला उचलून बाजूला नेले.

त्यापूर्वीच तिने स्वतःला बाळ येशूचे खेळणे म्हणून अर्पण केले होते. महागडे खेळणे नव्हे, तर साधा चेंडू! बाळाने तो फेकावा, लाथाडावा, कोपऱ्यात टाकावा किंवा हृदयाशी धरावा. रोममध्ये बाळाने चेंडूला भोक पाडून आत काय आहे ते पाहिले आणि चेंडू टाकून ते झोपी गेले, अशी तिने मनाची समजूत घातली. दुःख खरे होते. पण चेंडू कोणाचा आहे, हे ती विसरली नाही.

९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या १५ व्या वर्षी, तिला मठात प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. मठातही रोजचे त्रास होतेच. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी सतत विचित्र आवाज करी. तेरेजाला घाम फुटे. शेवटी तो आवाज म्हणजे सुंदर संगीत आहे असे मानून ती ऐकू लागली आणि तेच तिने येशूला अर्पण केले. कपडे धुताना दुसऱ्या भगिनीकडून तोंडावर घाण पाणी उडे, तेही तिने आनंदाने स्वीकारले. प्रार्थनेत डुलकी लागली, तर झोपलेले मूलही आईबापांना आवडतेच, असा तिने विचार केला.

प्रवासात तिने लिफ्ट पाहिली होती. पवित्रतेचा जिना आपल्या छोट्या पावलांना उंच पडतो; मग येशूचे हातच आपली लिफ्ट, असे तिने ठरवले. त्यासाठी मोठे व्हायचे नव्हते, लहानच राहायचे होते.

१८९६ च्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री क्षयरोगाने तिला रक्ताची उलटी झाली. लवकरच मनातही अंधार पसरला. स्वर्ग आहे की नाही, अशी शंका तिला छळू लागली. तो अंधार शेवटपर्यंत टिकला. तिचा विश्वासही टिकला. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, अवघ्या २४ व्या वर्षी, तिने प्राण सोडला. १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले, तर १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता घोषित केले. २०१५ मध्ये तिचे आईवडीलही संत झाले.

आपल्यापैकी कितीतरी घरांत आज आजारपण आहे, न ऐकलेली विनवणी आहे. देवाने आपल्याला कोपऱ्यात टाकले, असे आपल्यालाही वाटते. अशा वेळी खाटेखाली गेलेला मुलांचा चेंडू आठवू या. मूल खेळायला उठले, की आधी तोच शोधते.